बंदूक स्टेशनात, डुक्कर शेतात

निवडणूक जाहीर झाली की आमच्या सिंधुदुर्गात एक बातमी ठरलेली असते. सिंगल कॉलम, चार-पाच ओळींची. शस्त्र परवानाधारकांनी आपली शस्त्रं नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करावीत. दोन-चार दिवसांनी दुसरी बातमी, तीही ठरलेली. शेतीसंरक्षणाच्या बंदुकांना यातून सूट द्यावी, शेतकऱ्यांची मागणी. मालवणात पत्रकारिता करताना या दोन बातम्या मी इतक्या वेळा दिल्यात की नुसती तारीख बदलली तरी जुना मजकूर चालून जाईल.

तिसरी बातमी मात्र कधी होत नाही. बंदूक जमा झाल्यावर त्या शेताचं काय झालं, आणि त्या घराचं काय झालं. आज त्या तिसऱ्या बातमीबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

मालवण म्हटलं की बाहेरच्या माणसाला सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, स्कूबा आणि सुरमईची थाळी आठवते. ते बरोबरच आहे. पण किनारा सोडून जरा आत या. चौके, पोईप, मसुरे, श्रावण, रामगड या बाजूला समुद्राचा वाससुद्धा येत नाही. तिथे भात, काजू, आंबा, नारळ, थोडा भुईमूग, थोडी रताळी, पावसाळ्यानंतर कुळीथ. आणि त्यावर डोळा ठेवून असलेले रानडुक्कर आणि माकडं. सावंतवाडी-दोडामार्गकडे गेलात तर गवे आणि हत्तीसुद्धा. डुकरांचा कळप एका रात्रीत भाताची कोपरी नांगरल्यासारखी करून टाकतो. माकडं नारळ कोवळा असतानाच तोडतात, एक पितात आणि पाच खाली टाकतात. हे ज्याने आपल्या बागेत पाहिलंय त्याला समजवायला नको.

या शेतकऱ्याकडे जी बंदूक असते ती सिनेमातली बंदूक नव्हे. बऱ्याच घरांत अजून ठासणीची आहे. नळीच्या तोंडातून दारू भरायची, चिंधी ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचं, केप लावायची आणि मग एक बार. फक्त एक. दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर पुढच्या वाडीत पोचलेला असतो. काहींकडे काडतुसाची सिंगल बॅरल किंवा डबल बॅरल आहे. आजोबांच्या नावाची होती, मग वडिलांच्या नावावर झाली, आता मुलाच्या. बहुतेक वेळा ती मारण्यासाठी नाही, आवाजासाठी वापरली जाते. रात्री माळ्यावर बसून एक बार काढला की कळप त्या रात्रीपुरता लांब जातो.

पोईप भागातल्या एका वयस्कर शेतकऱ्याला मी गेल्या विधानसभेच्या वेळी विचारलं, काका, बंदूक जमा केलीत काय? ते म्हणाले, "केलंय तर. बंदूक स्टेशनात आणि डुकार शेतात. आता डुकराक जावन सांगूक होया काय, बाबा रे, आचारसंहिता चालू आसा म्हणान?"

हसलो आम्ही दोघेही. पण जरा कॅलेंडर काढून बघा. २०२४ साली १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात ७ मेला मतदान, ४ जूनला निकाल. हा सगळा काळ काजू आणि आंब्याचा. मग १५ ऑक्टोबरला विधानसभा जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. हा भात कापायचा, झोडायचा काळ. म्हणजे ज्याची बंदूक दोन्ही वेळा जमा झाली, त्याच्याकडे ती वर्षातल्या नेमक्या गरजेच्या महिन्यांत नव्हती. त्यात नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत धरा. ज्या कारणासाठी सरकारने परवाना दिला, त्या कारणाच्या वेळीच बंदूक सरकारकडे.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, बघा, हेच आम्ही सांगतो, बंदूक बाळगणं हा नागरिकाचा हक्क हवा. व्हॉट्सॲपवर हल्ली असे मेसेज फिरतात. अमेरिकेत बघा, प्रत्येकाकडे बंदूक, म्हणून चोर घाबरतात वगैरे. त्यामुळे कायद्याचं थोडं.

भारतात बंदूक बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. हा विषय कोणाच्या लक्षातच आला नव्हता असंही नाही. १८७८ चा इंग्रजांचा शस्त्र कायदा हिंदी माणसाला नि:शस्त्र ठेवणारा होता, गोऱ्यांना त्यातून सवलत होती, आणि काँग्रेसचा त्यावर जुना राग होता. १९३१ च्या कराची अधिवेशनाच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. उलट सभा घेण्याचा जो हक्क आपल्याला १९ व्या कलमाने मिळाला, त्यातच 'शांततेने व विनाशस्त्र' अशी अट आहे. अमेरिकेने १७९१ मध्ये दुसऱ्या घटनादुरुस्तीने उलटी वाट धरली आणि २००८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं. तिथल्या शाळांमधल्या गोळीबारांच्या बातम्या आपण वाचतोच. मला आपली वाट बरोबर वाटते, आजही.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. त्यात परवाना मिळतो तो कारणावर. आणि गंमत म्हणजे, या कायद्याने शेतकऱ्याला मुद्दाम वेगळं काढून जागा दिलीय. कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली आणि अर्जदारात दोष नसेल, तर परवाना द्यायचा. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर त्याऐवजी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. कलम १४ सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे वीस गुंठेवाल्याचाही विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. पिस्तुल, रिव्हॉल्व्हर हवं असेल तर मात्र चांगलं, सबळ कारण दाखवावं लागतं.

माझ्या मते या कायद्याचा सगळा जीव या 'कारण' शब्दात आहे. बंदूक ही वस्तू दुय्यम, कारण मुख्य. ऑस्ट्रेलियाने हेच केलं. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे एका माणसाने ३५ जणांना गोळ्या घालून मारलं, त्यानंतर तिथल्या सरकारने कायदे आवळले, सहा लाखांहून जास्त बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या, आणि नियम केला की परवान्याला खरं कारण हवं. स्वसंरक्षण हे कारण तिथे चालत नाही. शेती चालते. जगात सगळ्यात कडक म्हणून ज्या कायद्याचं नाव घेतलं जातं त्यातसुद्धा शेतकऱ्याची बंदूक शिल्लक आहे, हे लक्षात घ्या.

आता आपल्या राज्यात कारणाचं काय झालंय ते बघू. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यांना मारहाण करून मारलं, गोळी घालून नव्हे. पण त्या निमित्ताने बीडमधल्या शस्त्र परवान्यांचा आकडा बाहेर आला, बाराशेच्या वर. पिस्तुल कमरेला लावून काढलेले रील, हवेत बार काढतानाचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मग तपासणी झाली आणि परवाने रद्द व्हायला लागले. माझा प्रश्न साधा आहे. रद्द करताना जे दिसलं ते देताना का दिसलं नव्हतं? त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, साहेबांच्या केबिनमध्ये, गोळीबार झाला आणि त्या गुन्ह्यात एका आमदाराला अटक झाली. म्हणजे बंदूक पोलीस ठाण्याच्या आत सुद्धा पोचली, तीही जमा करायला नव्हे.

पुढारी, बिल्डर, त्यांचे उजवे-डावे हात यांच्या पिस्तुलाचं कारण असतं 'जीवितास धोका'. आमच्या काकांच्या ठासणीचं कारण असतं डुक्कर. दोन्ही कागद एकाच टेबलावरून जातात. पहिल्याला फोन येतो. दुसरा ओरोसच्या फेऱ्या मारतो. पोलीस अहवाल, सातबारा, वैद्यकीय दाखला, बंदूक नीट ठेवण्याची हमी, आणि २०१६ च्या नियमांनंतर ऑनलाईन नोंद व यूआयएन नंबर. या अटींना माझा विरोध नाही. हत्यार आहे, कागद हवेतच. पण कागद बघताना माणूसही बघायचा असतो.

आता एक गोष्ट, जी आमच्या गावागावात बऱ्याच लोकांना माहीत नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. बंदूक बाळगायची परवानगी जिल्हाधिकारी देतो, १९५९ च्या कायद्याखाली. रानडुक्कर मारायची परवानगी वन खातं देतं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबद्दल तशी लेखी परवानगी मिळू शकते. २०१५ मध्ये राज्य सरकारने रानडुक्कर आणि रोह्यांसाठी ही पद्धत सोपी करण्याचा निर्णयही काढला. तरी प्रत्यक्षात काय होतं? डुक्कर रात्री दोनला येतो. अर्ज सकाळी दहानंतर. शेतकऱ्याने बंदूक हातात असून डुक्कर मारला आणि कागद नसला, तर तो वन गुन्ह्यातला आरोपी. एका कुलपाची चावी ओरोसला, दुसऱ्याची वनक्षेत्रपालाकडे, आणि दार मात्र डुकराने आधीच मोडलेलं.

म्हणून बहुतेक शेतकरी काय करतात? खरं सांगायचं तर अर्ज करतच नाहीत. काही जण फासकी लावतात. क्लचवायरचा एक तुकडा, एक खुंटी, झालं. परवाना लागत नाही, निवडणुकीत जमा करावी लागत नाही, आवाज नाही. पण फासकीला डुक्कर कोण आणि बिबट्या कोण ते कळत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत फासकीत अडकलेल्या बिबट्याच्या बातम्या तुम्ही वर्षातून कितीदा वाचता ते आठवा. मीही त्या कव्हर केल्यात. कमरेला तार रुतलेला बिबट्या, जमलेली गर्दी, मोबाईल वर धरलेले हात, आणि पिंजरा घेऊन येणाऱ्या वनरक्षकांची वाट. काही वाचतात, काही नाही. कोणी कुंपणात थेट करंट सोडतो, आणि पहाटे त्याच पायवाटेने जाणाऱ्या माणसाला धक्का बसतो. कोणी गावठी बॉम्ब ठेवतो आणि तो शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या किंवा गाईच्या तोंडात फुटतो. आणि बिनपरवाना गावठी बंदुका आहेतच. त्या कुठल्याच यादीत नाहीत, त्यामुळे त्या जमा करायला कोणाला निरोपही जात नाही.

आचारसंहितेत यादीवरचा प्रामाणिक माणूस रांगेत उभा राहतो आणि यादीबाहेरचा मोकळा असतो. माझी पहिली तक्रार ही आहे.

पण बंदूकवाल्यांच्या बाजूने एवढं लिहून थांबलो तर ते अर्धंच होईल. कारण घराची गोष्ट राहिली.

मसुरे बाजूच्या एका घरात मी नुकसानीची बातमी करायला गेलो होतो. घरधनी बंदूक जमा केल्याबद्दल सरकारला शिव्या देत होता. फोटोबिटो झाले, तो गुरं बघायला मागे गेला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमी सूट देवा म्हणान लिवतालास. लिवा. पण बंदूक जमा झाली ना, काय माका रातची झोप लागता."

मी काही विचारलं नाही. त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही. घरात संध्याकाळनंतर काय चालतं ते अंगणातल्या बाटल्यांवरून कळत होतं. ती बातमी छापून आली त्यात हे वाक्य नव्हतं, कारण ते छापलं असतं तर त्या बाईला त्याच घरात राहायचं होतं. आज गाव, घर, वर्ष काहीही ओळखू येणार नाही अशा बेताने लिहितोय, कारण या वाक्याशिवाय बंदुकीवरचा कुठलाही लेख खोटा ठरेल असं मला वाटतं.

वीसेक वर्षांत ज्या बंदुकीच्या बातम्या मी लिहिल्या त्यात दरोडेखोर क्वचित होते. रात्री शिकारीला गेलेल्या सोबत्यालाच झुडपात डुक्कर समजून बार लागला. भरलेली बंदूक भिंतीला टेकून ठेवली होती, ती पडली आणि सुटली. बांधाच्या वादात कोणीतरी घरात जाऊन ती घेऊन आला. आणि काही वेळा एकटा माणूस, मागच्या खोलीत, कर्जाने किंवा आजाराने किंवा दारूने खचलेला. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात अशा वेळी जे नातेवाईक उभे असतात, ते बंदूक हक्क की नियंत्रण यावर वाद घालत नसतात. ते एवढंच म्हणत असतात की ती त्या रात्री घरात नको होती.

म्हणजे आचारसंहितेत बंदूक जमा करून सरकार एका घरातलं पीक उघडं पाडतं आणि दुसऱ्या घरातल्या बाईला दोन महिन्यांची झोप देतं. दोन्ही खरं आहे. आणि सरकारला या दोन घरांतला फरक माहीतच नाही, कारण कोणी विचारलेलाच नाही. माझं म्हणणं या पोस्टमध्ये एकच आहे आणि ते हे. आपला कायदा माणूस आणि कारण बघून परवाना द्या असं सांगतो. आपण मात्र देताना फक्त कागद बघतो आणि काढून घेताना फक्त तारीख.

कोर्टाने हे सांगून झालंय. निवडणुकीत सरसकट शस्त्रं जमा करण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. २००९ च्या निकालात न्यायालयाने सरसकट आदेशाऐवजी छाननी समितीने प्रत्येक प्रकरण बघून ठरवावं, अशी दिशा दिली. निवडणूक आयोगाचा निकषही तोच आहे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत नाव आलेले, यांची शस्त्रं आधी बघा. हे नीट राबवलं तर रताळ्याच्या शेतावर राखण करणाऱ्या सत्तर वर्षांच्या काकांना कोणी स्टेशनात बोलावणार नाही. पण समितीला प्रत्येक नाव बघायला वेळ हवा, बीट हवालदाराचा खरा अहवाल हवा. त्यापेक्षा सगळ्यांना निरोप देणं सोपं. सोप्याला कोण नाही म्हणणार? शेतकरीही कटकट नको म्हणून निमूट नेऊन देतो, पावती घेतो आणि परत आणताना नळीला गंज बघतो.

मग करायचं काय? मी काही तज्ज्ञ नाही. पत्रकारितेची पदविका आणि तालुक्यातली पायपीट एवढीच माझी शिदोरी. तरी जे सुचतं ते सांगतो.

एक. शेतीसंरक्षणाचे परवाने आणि 'जीवितास धोका' वाले परवाने यांची यादी वेगळी करा आणि दोन्हींचे आकडे तालुकावार जाहीर करा. नावं नकोत, नुसते आकडे. बीडमध्ये आकडा बाहेर आला तेव्हाच तपासणी सुरू झाली. त्यासाठी एका सरपंचाचा जीव जायला नको होता.

दोन. छाननी समिती कागदावर नको. आचारसंहिता लागण्याच्या आधी, वर्षातून एकदा, प्रत्येक परवान्याचा आढावा घ्या. ज्याच्यावर गुन्हा नाही, ज्याचं शेत आहे, ज्याच्या घरात तक्रार नाही, त्याची बंदूक हंगामात त्याच्याकडे राहू द्या. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याची निवडणुकीची वाट न बघता काढून घ्या. धोकादायक माणूस मतदानापुरता धोकादायक नसतो. कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार आजही आहे.

तीन. परवाना देताना आणि नूतनीकरण करताना घरच्या माणसांना विचारा. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. पाच वर्षांत माणूस किती बदलतो ते आपल्याला माहीत आहे. कॅनडात बंदुकीच्या परवान्याच्या अर्जावर जोडीदाराची सही मागतात, आणि सही नसेल तर जोडीदाराला कळवलं जातं. आपल्याकडे पोलीस चौकशीला घरी येतात तेव्हा ओटीवर पुरुषांशी बोलतात आणि चहा पिऊन जातात. स्वयंपाकघरात कोणी विचारत नाही. महिला पोलीस पाठवा, बाईशी एकटीशी बोला, आणि तिचं नाव कुठेही येऊ देऊ नका. एवढ्याने काही बंदुका कायमच्या कमी होतील. त्या कमी झालेल्याच बऱ्या.

चार. दोन कुलपांची चावी एका जागी आणा. केरळात २०२२ मध्ये सरकारने पीक उद्ध्वस्त करणारे रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार पंचायतींच्या प्रमुखांकडे दिले. मारायचं ते परवानाधारक बंदूकवाल्यानेच. म्हणजे प्रत्येकाच्या हातात बंदूक नाही, पण गावाकडे चार विश्वासाचे, शिकलेले, नोंद असलेले नेमबाज. तिथेही सगळं सुरळीत आहे असं मी म्हणत नाही. पण रात्री दोनच्या डुकरासाठी रात्री दोनला जबाबदार माणूस असावा, ही कल्पना मला पटते. आपल्या ग्रामसभेत यावर निदान चर्चा तरी व्हावी.

माकडांचं मी यात धरलेलं नाही. त्यांच्यावर बंदूक हा उपाय नाही, आणि आमचा शेतकरी मारुतीरायाला नमस्कार करूनच बार हवेत काढतो. आज तुमच्या बागेतून पळवलेली माकडं उद्या शेजाऱ्याच्या माडावर असतात. त्यांच्यासाठी पकडणं, नसबंदी आणि वेळेवर भरपाई हेच रस्ते आहेत आणि तो वेगळा विषय आहे.

काही मित्र म्हणतील, तू धड इकडचा नाहीस, धड तिकडचा नाहीस. बंदूक हवी की नको ते सांग. माझं उत्तर असं की पोईपच्या काकांना हवी आणि मसुऱ्याच्या त्या घरात नको. एकाच तालुक्यात, एकाच कायद्याखाली. हे ओळखणं अवघड आहे, पण सरकार नावाची गोष्ट आपण त्यासाठीच पोसतो. सगळ्यांना द्या म्हणणारा आणि सगळ्यांची घ्या म्हणणारा, दोघेही एका कामातून सुटका करून घेत असतात. माणूस बघण्याच्या कामातून.

येत्या आचारसंहितेत त्या दोन ठरलेल्या बातम्या मी देईनच, ते माझं काम आहे. पण यावेळी तिसरीही द्यायची आहे. त्यासाठी मला मदत हवी. तुमच्या गावात छाननी कशी झाली, नोटीस लेखी आली की नुसता निरोप, बंदूक किती दिवसांनी परत मिळाली, त्या काळात शेताचं किती गेलं, हे मला कळवा. आणि ज्या ताईंना, वहिनींना वेगळं काही सांगायचं असेल, त्यांनी कमेंटमध्ये लिहू नका, इनबॉक्समध्ये लिहा. नाव येणार नाही, गाव येणार नाही.